टिपेश्वरच्या वाघाची वाट

मंडळी, एक खरी गोष्ट सांगतो.

२०२४ साल संपत आले होते. थंडीचे दिवस होते. अहमदपूरला आमचा रात्रीचा वर्ग भरला होता. वर्गाला येणारी माणसे दिवसभर शेतात राबून येतात. वर्ग सुटण्यापूर्वी रोज एक जण वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचतो. त्या दिवशी बापूंची पाळी होती.

बापूंचे वय पंचावन्नच्या पुढे आहे. त्यांची चार एकर कोरडवाहू जमीन आहे. दोन वर्षांपूर्वी ते कागदावर अंगठा उठवत होते. आता ते जोडाक्षरेही लावतात. बातमीवर बोट ठेवून ते सावकाश वाचू लागले. येडशीच्या अभयारण्यात वाघ आला आहे, अशी ती बातमी होती.

बापू वाचता वाचता थांबले. म्हणाले, "गुरुजी, मी नीट वाचलं का चुकलो? येडशीला वाघ कुठून येईल?"

मी म्हणालो, "बापू, तुम्ही बरोबर वाचले. वाघ आला आहे."

येडशी धाराशिव जिल्ह्यात आहे. तिथल्या रामलिंगाच्या दर्शनाला आपल्यातले पुष्कळ जण जाऊन आले आहेत. त्या रानात वाघ असल्याचे आमच्या पिढीने ऐकले नव्हते. मग हा आला कुठून?

रानात झाडाला कॅमेरे बांधलेले असतात. समोरून जनावर गेले की कॅमेरा आपोआप चित्र घेतो. अशा एका कॅमेऱ्यात हा वाघ दिसला. वन खात्याच्या लोकांनी त्याच्या अंगावरचे पट्टे पाहिले. ते जुन्या चित्रांशी ताडून पाहिले. मग कळले, की हा वाघ यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या रानातला आहे.

"पट्ट्यावरून कसं कळलं?" एका बाईने विचारले.

मी म्हणालो, "आपल्या अंगठ्याचा ठसा दुसऱ्या कोणाशी जुळतो का? नाही. तसेच वाघाचे आहे. एका वाघाचे पट्टे दुसऱ्या वाघाशी जुळत नाहीत."

बापू हसले. "म्हणजे वाघबी अंगठेबहाद्दरच म्हणायचा!"

सगळा वर्ग हसला.

मग आम्ही भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा पाहिला. एक सुतळी घेतली. तिचे एक टोक टिपेश्वरवर धरले. दुसरे टोक येडशीवर धरले. सुतळी ताणली. ती आपल्या अहमदपूरच्या थोडी वरच्या अंगाने गेली. वर्ग एकदम गप्प झाला. वाघ काही सुतळीसारखा सरळ चालत नाही. तो ओढ्याने, नदीकाठाने, डोंगराच्या कडेने जातो. पण त्याची वाट आपल्या मुलखातून आहे, एवढे सर्वांना समजले.

बापू म्हणाले, "गुरुजी, आपल्या शिवारातून जाणाऱ्याचं घर तरी बघून येऊ."

आमचा प्रवास

२०२५ च्या मार्च महिन्यात, होळीच्या आधी, आम्ही पाच जण निघालो. पहाटेच्या एस.टी.ने नांदेडला गेलो. वाटेत माळेगाव लागले. खंडोबाच्या माळेगावची यात्रा कोणाला ठाऊक नाही? घोडे, उंट, गाढवे, बैल, सारा बाजार तिथे भरतो. खंडोबाचे वाघ्ये पूर्वी वाघाच्या कातड्याची पिशवी गळ्यात घालत आणि तीत भंडारा ठेवत. म्हणजे वाघ आपल्या देवाधर्मातही आहे. देवीचे तर ते वाहनच आहे.

नांदेडहून आगगाडी धरली. भोकर, हिमायतनगर ही स्टेशने गेली. किनवट जवळ आले तसे दोन्ही बाजूंना सागाचे रान दिसू लागले. आपल्या लातूर जिल्ह्यात शंभर एकर जमिनीत एक एकरही रान नाही. त्यामुळे आम्ही सारे खिडकीला डोळे लावून बसलो होतो. पळस नुसता लाल फुलला होता. पान एक दिसत नव्हते.

गाडी तेलंगणातल्या आदिलाबादला पोचली. तिथून जीपने उत्तरेकडे निघालो. काश्मीरहून कन्याकुमारीला जाणारा मोठा रस्ता तो हाच. पैनगंगेचा पूल ओलांडला आणि आम्ही पुन्हा महाराष्ट्रात आलो. पाटणबोरी गाव लागले. तिथून जवळच सुन्ना गाव आहे. सुन्ना येथे टिपेश्वरच्या रानाचे एक फाटक आहे. रात्री तिथेच एका घरी उतरलो.

अभयारण्य म्हणजे काय?

टिपेश्वर हे अभयारण्य आहे. अभय म्हणजे भीती नसणे. जिथे जनावरांना माणसाची भीती नाही, ते अभयारण्य. तिथे शिकार करता येत नाही. झाड तोडता येत नाही. परवानगीवाचून आत जाता येत नाही.

टिपेश्वर १९९७ साली अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर आहे. टिपाई देवीवरून या रानाला नाव पडले. पूर्वी रानाच्या आत टिपेश्वर नावाचे गाव होते. ते गाव नंतर रानाबाहेर वसवण्यात आले. वाडवडिलांचे घर सोडून जाणे सोपे नसते. रान वाचले, त्यात त्या माणसांचाही वाटा आहे. हे विसरू नये.

व्याघ्र प्रकल्प हा शब्दही तुम्ही वाचाल. व्याघ्र म्हणजे वाघ. पूर्वी राजे आणि साहेब वाघाची शिकार करीत. शंभर शंभर वाघ मारल्याची फुशारकी मारीत. रानेही तुटत गेली. वाघ संपायला आला. तेव्हा १९७२ साली वन्य प्राण्यांना वाचवणारा कायदा झाला. १ एप्रिल १९७३ रोजी देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ रानांत आपले मेळघाट होते. आज महाराष्ट्रात असे सहा प्रकल्प आहेत. मेळघाट, ताडोबा, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर.

टिपेश्वर या सहांत नाही. त्याचे नाव फार लोकांना ठाऊकही नाही. तरी तिथे वाघ आहेत, आणि ते वाढले आहेत. सबंध देशात २००६ च्या मोजणीत सुमारे १,४११ वाघ होते. २०२२ च्या मोजणीत ते सुमारे ३,६८२ झाले. त्यांतले ४४४ महाराष्ट्रात होते.

रानातली सकाळ

पहाटे चहा घेऊन फाटकावर गेलो. आधार कार्डे दाखवली. नोंदवहीत नावे लिहायची होती. बापूंनी स्वतःच्या हाताने सही केली. तिथल्या माणसाला त्याचे काही वाटले नाही. आम्हांला मात्र फार वाटले.

उघडी जिप्सी गाडी होती. सोबत वाटाड्या होता. त्याला तिकडे गाईड म्हणतात. तो जवळच्याच गावचा तरुण पोरगा होता. त्याने आम्हांला नियम सांगितले. गाडीतून खाली उतरायचे नाही. मोठ्याने बोलायचे नाही. काही खायला टाकायचे नाही. मोबाईल बंद ठेवायचा.

उजाडले तसे रान दिसू लागले. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह. मोहाखाली फुले पडायला लागली होती. त्यांचा गोड वास येत होता. चितळांचा कळप उभा होता. त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके होते. पुढे सांबर दिसले. रोही दिसले. मोर तर किती तरी होते.

रोही पाहून बापू माझ्या कानाशी म्हणाले, "हा तर आपल्या हरभऱ्यात शिरणारा सोयरा!"

वाटाड्याने गाडी थांबवली. धुळीत बोट दाखवले. वाघाचा पंजा उमटला होता! त्याने समजावून सांगितले, "नराचा पंजा चौकोनी असते. मादीचा थोडा लांबट असते. हा मादीचा आहे जी. सकाळचाच आहे."

बापूंनी विचारले, "सकाळचा कशावरून?"

"रात्री किडामुंगी त्यावरून गेली असती, तर ठशाच्या कडा मोडल्या असत्या. या कडा पाहा. साफ आहेत."

बापू मला म्हणाले, "गुरुजी, हा पोरगा धूळ वाचतो. जसं आपण पुस्तक वाचतो तसं."

खरेच होते ते. तो पोरगा रान वाचत होता. झाडाच्या सालीवर नखांचे ओरखडे होते. ते पाहून तो म्हणाला, "ही वाघाची पाटी आहे. हे रान माझं आहे, असं लिहून ठेवलं आहे."

दोन तास गेले. वाघ काही दिसेना. ऊन चढू लागले. इतक्यात लांब झाडावर वानर खाकरले. वाटाड्याने हात वर केला. "बोलू नका जी. वानर ओरडून राहिलं आहे." मग चितळ ओरडले. रानात वाघ हलला, की वानर आणि चितळ असे सर्वांना सावध करतात.

गाडी पाणवठ्यापाशी थांबली. आम्ही श्वास रोखून बसलो. थोड्या वेळाने बांबूच्या बेटातून ती बाहेर आली. वाघीण होती. तिला घाई नव्हती. ती पाण्यापाशी बसली आणि जिभेने पाणी पिऊ लागली. आमच्याकडे तिने एकदाच पाहिले. मग उठली आणि गवतात गेली. पिवळे अंग पिवळ्या गवतात कधी मिसळले, ते कळलेही नाही.

बराच वेळ कोणी बोलले नाही. बापूंनी हात जोडले होते.

गळ्यातली तार

परत येताना वाटाड्या बोलू लागला. तो म्हणाला, "ही वाघीण धडधाकट आहे. पण साऱ्यांचं नशीब असं नसते. आमच्या इथल्या वाघांच्या गळ्यात तार अडकलेली सापडली आहे."

"कसली तार?"

"फासाची. रानडुक्कर पिकात येते. मग कोणी तारेचा फास लावते. फास डुकरासाठी असते, पण अडकते वाघ. तो जोर करून तार तोडते. पण फास गळ्यातच राहते. अंग वाढते, तार मांसात रुतते. मग डॉक्टर येऊन गुंगीचं औषध देतात आणि तार काढतात. कधी वेळेवर काढता येते, कधी येत नाही."

मी बापूंकडे पाहिले. ते खाली बघत होते.

रात्री जेवण झाल्यावर बापू ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "गुरुजी, तुम्हांला म्हणून सांगतो. मीबी बांधावर तार ओढली आहे. रात्री तीत करंट सोडायचा विचार होता. डुकरांनी यंदा भुईमूग ठेवला नाही. काय करावं माणसानं?"

मी त्यांना दोष दिला नाही. चार एकराच्या मालकाचे पीक एका रात्रीत गेले, तर त्याच्या घरात काय होते, ते मला ठाऊक आहे. पण मी त्यांना विचारले, "बापू, त्या बांधावरून रोज कोण जातं?"

ते म्हणाले, "मी जातो. पोरगा जातो. शेजाऱ्याची बाई गवताला जाते."

एवढे बोलून ते स्वतःच गप्प झाले.

कुंपणातल्या वीजप्रवाहाने आपल्या राज्यात माणसे मेली आहेत, बैल मेले आहेत, वाघही मेले आहेत. वीज कोणाला ओळखत नाही. आणि वाघ मेला, तर कायद्याने तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. डुक्कर मारायला गेलेला शेतकरी तुरुंगात जाऊन बसतो. पीक गेले ते गेलेच, वर शेतही ओसाड पडते.

वाघ घर का सोडतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूंनी वाटाड्याला विचारले, "बाबा, एवढं चांगलं रान सोडून तो वाघ आमच्याकडं कशाला आला?"

याचे उत्तर सोपे आहे. वाघीण एका वेळी दोन-तीन पिल्ले देते. पिल्ले सुमारे दोन वर्षे आईजवळ राहतात. मग त्यांना स्वतःचे रान शोधावे लागते. एका वाघाच्या रानात दुसरा नर खपत नाही. आपल्याकडे भाऊ वेगळे होतात आणि जमिनीचे तुकडे पडतात. वाघ जमिनीचा तुकडा पाडत नाही. धाकटा घर सोडून निघतो.

टिपेश्वरचे रान लहान आहे. वाघ वाढले. म्हणून तरुण वाघ बाहेर पडतात.

२०१९ साली असाच एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यात पट्टा बांधलेला होता. पट्ट्यात यंत्र होते. त्यामुळे तो कोठे आहे, ते कळत होते. जून महिन्यात त्याने टिपेश्वर सोडले. महाराष्ट्र आणि तेलंगणातले जिल्हे पालथे घातले. नद्या ओलांडल्या, मोठे रस्ते ओलांडले, शेते ओलांडली. वर्षाच्या शेवटी तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. हिंडत फिरत तो सुमारे तीन हजार किलोमीटर चालला. पंढरीच्या वारकऱ्यालाही मागे टाकील, असे हे चालणे!

दिवसा तो झुडपात पडून राही आणि रात्री चाले. एवढ्या वाटेत किती तरी गावे लागली असतील. पण तो कोणाच्या अंगावर धावून गेला नाही. एकदाच माणसे तो बसला होता त्या झुडपात शिरली आणि एक माणूस जखमी झाला. यातून आपण काय शिकावे? वाघाला माणूस नको असतो. त्याला वाट हवी असते.

२०२१ साली टिपेश्वरचाच आणखी एक वाघ गौताळ्याच्या रानात पोचला. ते रान छत्रपती संभाजीनगरकडे आहे. आणि २०२४ साली तिसरा येडशीला आला. तिथून तो सोलापूर जिल्ह्यात बार्शीकडेही गेला. त्याने गुरे मारली. लोक घाबरले. जानेवारी २०२५ मध्ये वन खात्याचे पथक त्याला पकडायला आले. त्या महिन्यात तो हाती लागला नाही.

याला वाट कशी द्यायची, हा मोठा प्रश्न आहे. ज्या मोठ्या रस्त्याने आम्ही आलो, तोच रस्ता पुढे नागपूरच्या पलीकडे पेंचच्या रानातून जातो. तिथे रस्ता खांबांवर उचलून खालून जनावरांना वाट ठेवली आहे. वरून गाड्या जातात, खालून वाघ जातात. मनात आणले, तर असे होऊ शकते.

दुसरी बाजू

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाही तर गोष्ट अर्धी राहील.

टिपेश्वरच्या जवळच पांढरकवडा आणि राळेगावकडचा भाग आहे. तिथे २०१६ ते २०१८ या काळात वाघाच्या हल्ल्यांत सुमारे तेरा माणसे गेली. बहुतेक गरीब शेतकरी आणि गुराखी होते. लोक शेतात जायला धजत नव्हते. कापूस वेचायला मजूर मिळत नव्हता. हे हल्ले अवनी नावाच्या वाघिणीने केले, असे वन खात्याने ठरवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. तिला दोन बछडे होते.

कोणी म्हणाले, बरे झाले. कोणी म्हणाले, वाईट झाले. मला विचाराल, तर दोन्हीकडे दुःखच होते. ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घरापुढे वाघाचे गुणगान करू नये. आणि ज्या जनावराला राहायला जागा उरली नाही, त्याला राक्षस म्हणू नये. माणूस आधी, हे खरे. पण रान नीट असले, वाघाला तिथे शिकार असली आणि माणसाला माहिती असली, तर दोघांवरही अशी वेळ कमी येते.

वाघ शेतकऱ्याच्या उपयोगीही पडतो. रोही, चितळ आणि रानडुक्कर हे त्याचे अन्न आहे. जिथे वाघ नाही, तिथे ही जनावरे बेसुमार वाढू शकतात. शिवाय वाघासाठी राखलेल्या रानात पावसाचे पाणी मुरते. ओढे टिकतात. २०१६ साली लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले होते. पाण्याची किंमत आपल्याला कोणी सांगायला नको.

वाघ आला तर काय करावे?

हे नीट वाचा. घरी वाचून दाखवा.

१. शिवारात वाघ दिसला किंवा त्याचा पंजा दिसला, तर सरपंचाला आणि वनरक्षकाला कळवा. वन खात्याचा १९२६ हा फोन क्रमांक आहे. तो पाठ करा.

२. गर्दी करू नका. मागे लागू नका. दगड मारू नका. मोबाईलवर चित्र घ्यायला जवळ जाऊ नका. वाटेत अडवलेला वाघच अंगावर येतो.

३. पहाटे आणि रात्री एकट्याने शेतात जाऊ नका. हातात काठी आणि बॅटरी ठेवा. मोठ्याने बोलत जा. खाली वाकून काम करायचे असेल, तर एकाने उभे राहून लक्ष ठेवावे. वाकलेला माणूस लांबून चार पायांच्या जनावरासारखा दिसतो.

४. रात्री गुरे उघड्यावर बांधू नका. गोठ्याला दार करा.

५. वाघाने जनावर मारले, तर ते हलवू नका. त्यावर विष टाकू नका. ४८ तासांच्या आत वन खात्याला कळवा आणि पंचनामा करून घ्या. भरपाई मिळते.

६. तारेचा फास लावू नका. कुंपणात वीज सोडू नका.

७. रानडुकरांनी किंवा रोह्यांनी पीक खाल्ले, तर त्याचीही भरपाई आहे. त्यासाठी लगेच अर्ज करा.

बापूंचा अर्ज

गावी परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी बापू शेतात गेले. त्यांनी बांधावरची तार गुंडाळली. संध्याकाळी ती माझ्या ओसरीवर आणून टाकली. म्हणाले, "गुरुजी, ही तार वर्गाला द्या. कपडे वाळत घालायला होईल. आता मला अर्ज लिहायला शिकवा."

मी म्हणालो, "मी सांगत नाही. तुम्ही लिहा. अडले तर विचारा."

बापूंना तो कागद लिहायला दोन संध्याकाळी लागल्या. भुईमुगाच्या वेळी त्यांनी अर्ज केलाच नव्हता. तो वेळ निघून गेला होता. पण त्या आठवड्यात डुकरांनी त्यांची उन्हाळी मका लोळवली होती. त्यांनी असे लिहिले:

"माननीय वनपरिक्षेत्र अधिकारी यांस. माझ्या शेतात काल रात्री रानडुकरे शिरली. त्यांनी अर्धा एकर मका मोडली. कृपा करून पंचनामा करावा आणि नियमाप्रमाणे भरपाई द्यावी. सोबत सातबारा जोडला आहे. आपला नम्र."

खाली त्यांनी सही केली. अंगठा नाही, सही.

अर्ज दिल्यावर बापूंनी त्याची पोहोच मागून घेतली. पोहोच म्हणजे अर्ज मिळाल्याचा कागद. पूर्वी एकदा त्यांनी दुसऱ्या कामाचा कागद असाच दिला होता आणि पोहोच घेतली नव्हती. तो कागद हरवला. कोणाला विचारायलाही जागा उरली नाही. या वेळी वनरक्षक आला, पंचनामा झाला. पैसे यायला बरेच दिवस लागले. आले तेही सगळ्या नुकसानीएवढे नव्हते. पण आले.

बापू आता मकेला राखण करतात. शेजारच्या तिघांशी त्यांनी पाळ्या लावल्या आहेत. पत्र्याचा डबा वाजवतात. जागरण होते. ते म्हणतात, "वीज सोडून झोपलो असतो, तर झोप लागली असती का, गुरुजी? आता जागा असतो, पण मन निवांत असतं."

वर्गातल्या नकाशावर ती सुतळी अजून तशीच आहे. कधी एखादा नवा विद्यार्थी विचारतो, ही कशाची रेघ? मग बापू उठतात आणि सांगतात, "ही वाघाची वाट हाय. आपल्या घरावरून जाते."

मंडळी, वाटसरू दारावरून गेला, तर आपण त्याला अडवत नाही. त्याला जाऊ देतो आणि आपले घरही सांभाळतो. वाघाच्या बाबतीतही तेवढेच करायचे आहे.

प्रश्न

१. टिपेश्वरचा वाघ ओळखता कसा आला?

२. तरुण वाघ आपले रान का सोडतो?

३. बापूंनी बांधावरची तार का काढली?

४. वाघाने गाय मारली, तर कोणत्या तीन गोष्टी कराल?

५. तुमच्या शिवारात कोणते रानटी जनावर पीक खाते? त्याच्या भरपाईचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहून पाहा. खाली सही करा.